लिंबाचा वास उडून गेल्यावर: उन्हाळ्यासाठी सिट्रस परफ्यूम निवडताना

हवा तापू लागली की थंडीत आवडलेले परफ्यूम अंगावर जड होतात. व्हॅनिला, अंबर, ऊद असे गोड किंवा राळेच्या जातीचे वास उष्ण त्वचेवर फुगतात, बंद खोलीत शेजारच्याला नकोसे होतात, आणि मग हात आपोआप लिंबू, संत्रे, बर्गमॉट (लिंबाच्या जातीचे एक इटालियन फळ), ग्रेपफ्रूट अशा सिट्रस म्हणजे लिंबूवर्गीय फळांची नावे मिरवणाऱ्या बाटल्यांकडे जातो. ही निवड वरवर सोपी दिसते, कारण लिंबाचा वास आवडत नाही असा माणूस विरळाच. माझी सर्वांत जास्त फसगत मात्र याच खरेदीत झालेली आहे.

काही उन्हाळ्यांपूर्वी मी एका दुकानात मनगटावर एकच फवारा मारून, तिथल्या तिथे, एक मोठी बाटली घेतली होती. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. पहिली पाच मिनिटे नुकत्याच सोललेल्या संत्र्यासारखी होती. विक्रेत्याने आग्रह करण्याचीही गरज पडली नाही. घरी पोहोचेपर्यंत संत्रे नाहीसे झाले होते आणि मनगटावर उरला होता कपडे धुण्याच्या पावडरीचा गोडसर, कोरडा वास, जो रात्री साबणाने हात धुतल्यावरही गेला नाही. त्या बाटलीतले तीन हिस्से द्रव्य तसेच पडून राहिले. तेव्हापासून सिट्रस परफ्यूम घेताना मी एकच प्रश्न विचारते: लिंबू उडून गेल्यावर मागे काय राहते? कारण पहिली दहा मिनिटे जवळपास सगळेच चांगले असतात, आणि उरलेला दिवस मात्र आपल्याला त्या मागे राहिलेल्या वासाबरोबर काढायचा असतो.

असे का होते ते समजून घ्यायला संत्र्याची एक साल पुरते. साल दोन बोटांत दुमडून उन्हाच्या तिरिपेत धरली, तर तिच्यातल्या बारीक पिशव्या फुटून तेलाचे तुषार उडताना डोळ्यांना दिसतात. वास भपकन येतो, बोटांवर काही क्षण तेलकट ओल राहते, आणि हात न धुताही थोड्या वेळाने त्यातला टवटवीतपणा निघून गेलेला असतो. मागे उरते ती सालपटाची किंचित कडवट छटा. हे तेल बहुतेक वेळा ऊर्ध्वपातनाने न काढता साली दाबून, खरवडून काढले जाते, म्हणून ते फळाच्या इतके जवळचे वाटते. संत्र्याच्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीन या एकाच द्रव्याचा असतो. त्याचा रेणू लहान आणि हलका असल्यामुळे तो चटकन हवेत जातो, आणि त्वचा जितकी गरम तितका तो आणखी लवकर जातो. चंदन, वाळा, पॅचुली (एका झुडपाची मातकट वासाची पाने), तसेच प्रयोगशाळेत तयार होणारे मस्क, म्हणजे कस्तुरीच्या धाटणीच्या वासाची द्रव्ये, यांचे रेणू त्या मानाने जड असतात व ते तासन्तास त्वचेला धरून राहतात. तेव्हा ‘दिवसभर टिकणारा लिंबाचा सुगंध’ असे बाटलीच्या खोक्यावर छापलेले दिसले, तर दिवसभर टिकणारी वस्तू लिंबू नसून त्याच्याखाली ठेवलेले लाकूड किंवा मस्क आहे एवढे समजून घ्यावे. त्यात फसवणूक नाही, पण ते लाकूड आणि ते मस्क आपल्याला आवडते का, हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सगळी सिट्रस तेले सारखीच अल्पायुषी असतात असेही नाही. इटलीच्या कॅलाब्रिया भागात होणाऱ्या बर्गमॉटच्या तेलात लिमोनीनबरोबर लिनालिल अ‍ॅसिटेट नावाचे द्रव्य मोठ्या प्रमाणात असते. लॅव्हेंडरच्या तेलाचाही तोच एक मुख्य घटक. त्यामुळे बर्गमॉट लिंबासारखे टोचत नाही, थोडे मऊ, थोडे फुलासारखे, चहाच्या वाफेसारखे वाटते, आणि लिंबापेक्षा थोडे अधिक रेंगाळते. कडू संत्र्याचे झाड तर या बाबतीत विलक्षण उदार आहे. त्याच्या सालीपासून एक तेल मिळते, फुलांच्या ऊर्ध्वपातनातून नेरोली मिळते, आणि पाने व कोवळ्या काड्यांमधून पेटिग्रेन. साल क्षणभराची, काड्यापानांचा हिरवट कडवटपणा त्याहून लांब, आणि फुलांचा मधाळ पण स्वच्छ वास त्या दोघांना सांधणारा. ज्या परफ्यूममध्ये साल, पान आणि फूल असे तिन्ही एकत्र येतात, त्यातले संत्रे एकदम गायब होत नाही. ते हळूहळू झाडात रूपांतरित होते. मला स्वतःला अशाच धाटणीचे परफ्यूम आवडतात, आणि पुढचे मत वाचताना हा कल लक्षात घ्यावा.

या धाटणीचा मूळ नमुना म्हणजे यू-डी-कोलोन. जर्मनीतील कोलोन शहरात स्थायिक झालेल्या योहान मारिया फारिना या इटालियन सुगंधकाराने अठराव्या शतकाच्या आरंभी ते लोकप्रिय केले, आणि १७०९ मध्ये स्थापन झालेली फारिना घराण्याची पेढी आजही चालू आहे. सर्वसामान्य ग्राहकाला अधिक परिचित आहे ती मात्र त्याच शहरातली निळ्या-सोनेरी लेबलाची ‘४७११’. हा आकडा मुळात ग्लोकेनगासे या रस्त्यावरच्या एका घराचा क्रमांक होता. लिंबू, संत्रे, बर्गमॉट, नेरोली, पेटिग्रेन, लॅव्हेंडर आणि रोझमेरी एवढ्या सरंजामावर हे कोलोन उभे आहे. माझ्या हातावर त्यातले लिंबू दहा-पंधरा मिनिटे, रोझमेरी व नेरोली साधारण पाऊण तास, आणि नंतर धुतलेल्या त्वचेसारखा पुसट वास एवढाच मुक्काम असतो. याला उणीव म्हणणे मला पटत नाही. हे मुळात थेंबाथेंबाने लावण्याचे द्रव्य नव्हेच. मान, दंड, हात यांवर ओंजळीने चोळावे, घटकाभर थंड व्हावे आणि हवे तर दुपारी पुन्हा लावावे, असे ते आहे. ज्यांना सकाळी एकदा लावून संध्याकाळपर्यंत दरवळ हवा आहे त्यांनी मात्र ते घेऊन नंतर तक्रार करू नये.

इथे त्या थंडाव्याबद्दल एक सावधगिरीची सूचना. कोणताही अल्कोहोलयुक्त परफ्यूम गरम त्वचेवर पडला की अल्कोहोल उडताना त्वचेची उष्णता घेऊन जाते, आणि तो क्षणिक गारवा आपले मन परस्पर वासाच्या खात्यावर जमा करते. बाहेरून घामाघूम होऊन दुकानात शिरलेल्या माणसाला म्हणूनच पहिल्या फवाऱ्यातले काहीही ‘फ्रेश’ वाटते. त्या अवस्थेत निर्णय घेऊ नये. मी कागदी पट्टीवर पेन्सिलीने नाव लिहून आधी चार-पाच वास बाद करते, मग उरलेल्यांतले फक्त दोन, प्रत्येक हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला एकेक, लावून दुकानाबाहेर पडते. दहा मिनिटांनी, तासाने आणि चार तासांनी हुंगायचे, आणि त्यातला एक तास तरी उघड्या हवेत, उन्हाच्या झळीत काढायचा. वातानुकूलित जागेत केलेली उन्हाळी परफ्यूमची परीक्षा ही परीक्षाच नव्हे. मनगटे एकमेकांवर घासण्याची सवयही सोडावी, कारण घासल्याने त्वचा तापते आणि जे निसटणारच आहे ते आणखी लवकर निसटते.

या पद्धतीने पाहिलेल्या परफ्यूमांत माझ्या यादीत सर्वांत वर राहिला तो डिऑरचा ‘ओ सोवाज’. एदमाँ रूदनित्स्का यांनी तो १९६६ मध्ये घडवला, आणि तो पुरुषांसाठी म्हणून विकला जात असला तरी लिंबाला स्त्री-पुरुष कळत नाही. सुरुवात लिंबू आणि बर्गमॉटची, त्यामागे तुळशीच्या कुळातली बेसिल आणि रोझमेरी यांचा हिरवा झटका, आणि मग या परफ्यूमचे खरे मर्म येते ते म्हणजे हेडिओन. जाईच्या वासाशी नाते असलेले हे कृत्रिम द्रव्य फुलासारखे गडद नसते. ते पारदर्शक, ओलसर, हवेशीर असते, आणि त्याच्या शेजारी ठेवलेल्या लिंबालाही ते मोकळी हवा पुरवते. लिंबू गेल्याचे त्यामुळे चटकन लक्षातच येत नाही. एखाद्या खोलीतून माणूस उठून गेला तरी खिडकी उघडी असल्यामुळे खोली रिकामी वाटू नये, तसे काहीसे. शेवटी वाळा आणि ओकच्या शेवाळाची कोरडी, किंचित कडवट सावली राहते. ओकच्या शेवाळाच्या अर्कावर अ‍ॅलर्जीच्या कारणाने निर्बंध आल्यामुळे या जातीच्या जुन्या परफ्यूमांची घडण काळाबरोबर बदलत गेली आहे, तेव्हा वडिलांच्या कपाटातल्या बाटलीचा वास आठवून नवी बाटली घेणाऱ्याने आधी हातावर लावून पाहावे. माझ्यापुरते, आजच्या रूपातही त्याचा दुसरा तास पहिल्याइतकाच चांगला आहे, आणि हे मी फार थोड्या सिट्रस परफ्यूमांबद्दल म्हणू शकेन.

एर्मेसचा ‘ओ दोरांज व्हेर्त’ हा वेगळ्या स्वभावाचा. फ्रांस्वाज कारों यांची ही १९७९ ची रचना नावाप्रमाणे हिरव्या संत्र्याची आहे. पिकलेल्या रसाळ फळाचा गोडवा तीत जवळपास नाही. पाने, देठ, पुदिना आणि कॅसिस म्हणजे ब्लॅककरंटच्या झुडपाच्या कळ्या यांच्यामुळे फळ अजून फांदीवरच आहे असे वाटते, आणि खाली पॅचुली व शेवाळाची मातकट ओल असते. माझ्या हातावर हा ‘ओ सोवाज’पेक्षा लवकर ओसरतो, परंतु सुती कपड्याच्या आतल्या शिवणीवर एक फवारा दिला, तर संध्याकाळी सदरा काढताना देठाचा तो हिरवटपणा पुन्हा भेटतो. कापडाला अंगाची ऊब थेट लागत नसल्यामुळे कापडावर वास जास्त टिकतो. फिकट रंगाच्या रेशमावर मात्र हा प्रयोग करू नये, डाग पडू शकतो.

पार्मा शहराच्या ‘अक्वा दी पार्मा कोलोनिया’चा जन्म १९१६ चा. त्यात सिट्रसच्या खाली लॅव्हेंडर, गुलाब आणि चंदन-वाळ्याची बैठक असल्याने तो मला नेहमी दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून आलेल्या माणसासारखा वाटतो. औपचारिक बैठकीसाठी उत्तम, सुट्टीच्या दुपारी थोडा जास्तच नीटनेटका. कॅल्व्हिन क्लाइनचा १९९४ चा ‘सीके वन’ बर्गमॉट, हिरवा चहा आणि स्वच्छ मस्क यांच्या जोरावर अजून बाजारात पाय रोवून आहे. ज्यांना सिट्रस फक्त सुरुवातीपुरते आणि नंतर आंघोळीनंतरचा स्वच्छपणा हवा आहे त्यांनी तो जरूर पाहावा. मला मस्कचा भाग लवकर जाणवेनासा होतो, म्हणून मी त्यावर अधिक बोलत नाही. काही मस्क काही लोकांच्या नाकाला मुळीच कळत नाहीत, ही सर्वज्ञात गोष्ट आहे. तेव्हा ‘हा टिकतच नाही’ असे ठरवण्यापूर्वी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी हात हुंगायला लावावा. शिवाय एकच वास सतत आसपास असला की नाक थोड्याच वेळात त्याची नोंद घेणे सोडून देते. आपल्याला येत नाही म्हणून पुन्हा पुन्हा फवारत राहणाऱ्या माणसाबरोबर लिफ्टमधून प्रवास केलेल्या प्रत्येकाला याचा परिणाम ठाऊक आहे.

टिकाऊपणाच हवा असेल, तर सिट्रसला लाकडाच्या खांबावर चढवणारे परफ्यूम पाहावेत. याचे उत्तम उदाहरण एर्मेसचाच २००६ चा ‘तेर द एर्मेस’, जाँ-क्लोद एलेना यांनी रचलेला: संत्रे आणि ग्रेपफ्रूट, मिरी, गारगोटीवर गारगोटी घासल्यासारखी खनिज छटा, आणि मग वाळा व देवदाराच्या जातीचे कोरडे लाकूड. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत सहज राहतो. पण दुपारनंतर तो संत्र्याचा परफ्यूम राहिलेला नसतो, वाळ्याचा असतो, आणि कडक उष्म्यात दोनाहून अधिक फवारे मारले तर त्यातले लाकूड खोली व्यापते. वाळा आवडणाऱ्याने तो डोळे मिटून घ्यावा. लिंबूच हवे असलेल्याने घेऊ नये.

ग्रेपफ्रूटविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण परीक्षेविना घेऊ नये असे फळ हेच. त्याच्या ओळखीच्या वासामागे गंधकयुक्त रेणू असतात, आणि ते इतके प्रभावी असतात की त्यांचे अत्यल्प प्रमाणही नाकाला कळते. याच गंधकामुळे ग्रेपफ्रूटला ती कडवट, रसरशीत, तोंडाला पाणी सुटेल अशी धार येते, आणि याच गंधकामुळे काहींच्या त्वचेवर, विशेषतः उकाड्यात, तिला घामाची किंवा आंबलेपणाची झाक येऊ शकते. माझ्या बहिणीने लावलेला एक ग्रेपफ्रूटचा परफ्यूम तिच्या अंगावर नुकत्याच चिरलेल्या फळासारखा होता. तोच, त्याच बाटलीतून, माझ्या दंडावर तासाभरात असा बदलला की मी दोनदा सदऱ्याची बगल हुंगून खात्री केली. दोष बाटलीचा नव्हता आणि, मी स्वतःची समजूत घातली आहे त्याप्रमाणे, माझाही नव्हता. ग्रेपफ्रूटच्या बाबतीत दुसऱ्याचे परीक्षण, म्हणजे हेसुद्धा, काही उपयोगाचे नाही.

बाटलीवरच्या शब्दांबद्दल. यू-डी-कोलोनमध्ये सुगंधी द्रव्याचे प्रमाण साधारणपणे दोन ते पाच टक्के, ओ द त्वालेतमध्ये पाच ते पंधरा आणि ओ द परफ्यूममध्ये पंधरा ते वीसच्या आसपास असते, परंतु ही प्रमाणे कायद्याने बांधलेली नाहीत आणि प्रत्येक पेढी शब्द आपल्या सोयीने वापरते. त्याहून महत्त्वाचे असे की, एकाच नावाच्या परफ्यूमची ओ द परफ्यूम आवृत्ती म्हणजे तोच वास अधिक दाट, असे क्वचितच असते. बहुतेक वेळा त्यात सिट्रसचा वाटा कमी करून फुले, लाकूड किंवा गोडवा वाढवलेला असतो. गरम हवेसाठी मी दोहोंपैकी हलकी आवृत्ती घेते आणि दुपारी एकदा पुन्हा लावण्याची तयारी ठेवते. दहा मिलिलिटरची फवाऱ्याची कुपी त्यासाठी पुरते. लावण्यापूर्वी त्वचेवर बिनवासाचे मॉइश्चरायझर चोळले, तर कोरड्या त्वचेपेक्षा वास थोडा अधिक थांबतो.

उन्हात बाहेर पडणाऱ्यांसाठी एक गोष्ट केवळ आवडीनिवडीची नाही. साली दाबून काढलेल्या बर्गमॉटच्या आणि लिंबाच्या जातीच्या काही तेलांत बर्गाप्टेनसारखी द्रव्ये असतात, आणि ती त्वचेवर असताना ऊन लागले तर त्या जागी लाली, फोड आणि नंतर महिनोन्महिने राहणारे तपकिरी डाग पडू शकतात. जुन्या काळी मानेवरून कोलोनचा ओघळ जिथे उतरे तिथे लोलकासारखा डाग पडत असे, म्हणून या विकाराला फ्रेंच भाषेतल्या लोलकाचेच नाव मिळाले. आज आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेच्या निकषांनुसार त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात अशा बर्गमॉट तेलाचे प्रमाण ०.४ टक्क्यांपर्यंत मर्यादित आहे, आणि बहुतेक पेढ्या ते द्रव्य काढून टाकलेले तेल वापरतात. त्यामुळे नामांकित परफ्यूमबाबत धास्ती बाळगण्याचे कारण नाही. घरी तेले मिसळून कोलोन तयार करण्याचा छंद असलेल्यांनी, किंवा ‘शंभर टक्के नैसर्गिक’ अशा मोघम लेबलाची बाटली घेणाऱ्यांनी मात्र मान आणि दंड सोडून कपड्यावर फवारावे. ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत या फळांनी फार पूर्वीच खोटी ठरवली आहे.

शेवटी बाटलीचे आयुष्य. लिमोनीनचा हवेशी संयोग होत गेला की त्याचा वास बिघडतो, आणि त्यातून तयार होणारी द्रव्ये संवेदनशील त्वचेला अ‍ॅलर्जीही देऊ शकतात. युरोपातल्या लेबलांवर घटकांमध्ये लिमोनीन, लिनालूल, सिट्रॅल ही नावे वेगळी छापलेली दिसतात त्याचे कारण अ‍ॅलर्जीच आहे. सिट्रस परफ्यूम म्हणूनच लाकडी किंवा राळेच्या परफ्यूमपेक्षा लवकर म्हातारे होतात, आणि अर्धी रिकामी झालेली बाटली, आत हवा जास्त असल्यामुळे, भरलेल्या बाटलीपेक्षा लवकर. पहिल्या क्षणी टर्पेंटाइनसारखा उग्र भपका आला, किंवा द्रव्याचा रंग स्पष्टपणे गडद झाला, तर ती बाटली अंगावर वापरू नये. खिडकीतले ऊन, गाडीचा कप्पा आणि न्हाणीघरातले फडताळ या तिन्ही जागा टाळाव्यात. खोक्यासकट अंधाऱ्या कपाटात ठेवावी. आणि मोठी बाटली स्वस्त पडते या हिशेबाला या एका प्रकारात तरी भुलू नये, कारण तिचा शेवटचा तिसरा हिस्सा पहिल्याच्या तोडीचा राहीलच असे नाही.

माझ्या कपाटात सध्या ‘ओ सोवाज’ची पन्नास मिलिलिटरची बाटली आहे, रोजच्या वापरासाठी, आणि संध्याकाळच्या आंघोळीनंतर, वास टिकावा अशी काही अपेक्षाच नसते तेव्हा, ओंजळभर ‘४७११’. ‘ओ दोरांज व्हेर्त’चा नमुना अजून दोन फवारे शिल्लक आहे. ते मी उष्म्याचा कडाका वाढेपर्यंत राखून ठेवले आहेत, कारण पुदिन्याचा तो भाग चाळिशीच्या तापमानात कसा वागतो हे पाहिल्याखेरीज पूर्ण बाटली घ्यायची नाही असे ठरवले आहे.